४५ पाउंडाचं धनुष्य, ४१ पाउंडाची ओढ: एका हंटिंग रिकर्व्हला बाण जुळवताना

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातला एक तरुण शेतकरी. धानाची शेती, उंची पाच फूट चार इंच, उजव्या हाताचा. घरी आजोबांच्या वेळचं बांबूचं धनुष्य आढ्याला टांगलेलं. त्याचं स्वतःचं मात्र नवं हंटिंग रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य): ६० इंची, तीन भागांत सुटणारं, लाकडी रायझर (मधला मुठीचा भाग), फायबरग्लासचे थर असलेले लिंब (वर-खालच्या वाकणाऱ्या भुजा). साइट (नेम धरायचं साधन) नाही, बाण टेकायला वेगळा रेस्ट नाही, बाण थेट रायझरमध्ये कापलेल्या लाकडी शेल्फवरून सुटतो. लिंबावर लिहिलेलं: २८ इंचाला ४५ पाउंड, म्हणजे दोरी २८ इंच ओढली की लागणारा जोर. सोबत मागवलेले डझनभर कार्बनचे बाण ४०० स्पाइनचे (स्पाइन म्हणजे बाणाच्या कडकपणाचा आकडा), ३० इंच लांब, पुढे १०० ग्रेन वजनाचा पॉइंट (टोक), मागे पिसांच्या जागी प्लास्टिकच्या व्हेन.

तक्रार अशी की दहा मीटरवरही बाण शेपूट हलवत जातो, नेमापेक्षा डावीकडे लागतो आणि तणसाच्या टार्गेटमध्ये तिरपा घुसतो. धनुष्याचा आवाजही मोठा. त्याचा प्रश्न होता, "सर, बाण वळवळत जाऊन रायला. अजून कडक घेऊ काय, ३४० चा?"

हा प्रश्न इतक्या जणांकडून येतो की हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. बाण वळवळतो म्हणजे तो लेचापेचा, असं डोळ्याला वाटतं आणि माणूस आणखी कडक बाण मागवतो. इथे दुखणं नेमकं उलटं होतं.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करतो. 'हंटिंग' हा या धनुष्याचा प्रकार आहे: आखूड, साधं, झाडाझुडपांत वागवता येईल असं. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार शिकार हा गुन्हा आहे. धानाच्या बांध्या रानडुकरांनी उधळल्या की माणसाचा जीव किती जळतो हे मला ठाऊक आहे, पण त्यासाठी वनखात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज करायचा, धनुष्याला हात लावायचा नाही. त्यामुळे इथे ब्रॉडहेडचा, म्हणजे शिकारीच्या धारदार पात्याच्या टोकाचा, विषयच नाही. फक्त फील्ड पॉइंट (बिनपात्याचं साधं टोक) आणि फक्त टार्गेट.

दुसरी गोष्ट टार्गेटच्या जागेची. त्यानं बारदान्यात तणस ठासून टार्गेट केलं होतं, ते छान होतं. पण ते मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीसमोर उभं केलं होतं. पाळ मातीची, उंच, बाण अडवायला चांगली वाटते. पण पाळीवरून लोक ये-जा करतात, गुराखी गुरं नेतात, आणि उंच सुटलेला बाण पाळीचा माथा ओलांडून पलीकडे जातो. बाणांना हात लावायच्या आधी टार्गेट हलवलं: मागे उंच धुरा (शेताचा बांध), त्यापलीकडे त्याचंच मोकळं रान, दोन्ही बाजूंनी पायवाट नाही.

४०० स्पाइन कुठून आलं?

त्यानं व्हिडिओ पाहून बाण निवडले होते. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण मिळवून विश्वविजेतेपद आणलं. त्याच वर्षी बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरनं शांघायचा वर्ल्ड कप जिंकला. विदर्भातल्या पोरांनी त्यांचे व्हिडिओ पाहायचे नाहीत तर कुणाचे? अभिमानाचीच गोष्ट आहे. पण हे दोघेही कंपाउंडचे, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याचे, तिरंदाज. कंपाउंडची दोरी बोटांनी सुटत नाही, रिलीज नावाच्या यंत्रानं सुटते, आणि बाण जवळजवळ धनुष्याच्या मध्यरेषेतूनच जातो. बाणाला बाजूला वाकायची गरज फार कमी. म्हणून कंपाउंडचे तक्ते तेवढ्याच पाउंडाला जास्त कडक बाण सांगतात.

आपल्या रिकर्व्हमध्ये दोरी बोटांवरून घसरते आणि घसरताना थोडी बाजूला सरकते. बाण रायझरच्या कडेला टेकलेला, म्हणजे मध्यरेषेपासून जरा बाहेर. दोरी त्याला मागून ढकलते तेव्हा तो कडेकडेनं वाकतो, उलटा वाकतो, आणि हे वाकणं पुढे-मागे होत असतानाच रायझरला वळसा घालून पलीकडे जातो. वाकण्याची वेळ आणि रायझर ओलांडण्याची वेळ जुळली की बाण सुतासारखा जातो. बाण फार कडक असेल तर तो वळसा घेतच नाही, रायझरवर आपटून डावीकडे फेकला जातो (उजव्या हाताच्या तिरंदाजाचा). फार नरम असेल तर जास्त वाकून उजवीकडे जातो. वळवळ दोन्हीकडे दिसते. म्हणून नुसती वळवळ पाहून कडक की नरम हे सांगता येत नाही.

स्पाइनचा आकडा कसा येतो तेही सांगून टाकतो. कार्बन शाफ्ट (बाणाची काडी) २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवतात, मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगतात, आणि तो किती इंच झुकला ते मोजतात. अर्धा इंच झुकला की ५०० स्पाइन, ०.४०० इंच झुकला की ४००. आकडा जितका लहान तितका बाण कडक. ३४० म्हणजे आणखी कडक, म्हणजे हा तरुण खड्ड्यातून निघायला आणखी खोल खणणार होता.

पण हा आकडा शाफ्ट स्थिर असतानाचा. सुटताना बाण किती वाकेल हे आणखी बऱ्याच गोष्टींवर ठरतं: लांबी (लांब बाण जास्त वाकतो), पॉइंटचं वजन (जड पॉइंट जास्त वाकवतो), दोरीचा प्रकार, शेल्फ किती आत कापलेला आहे, आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तुम्ही खरंच किती पाउंड ओढता.

मोजमाप

लिंबावरचा ४५ हा २८ इंच ओढीचा आकडा आहे. साडेपाच फुटांखालचा माणूस सहसा २८ इंच ओढत नाही. त्याला एक लांब शाफ्ट लावून नेहमीसारखं ओढायला लावलं, अँकर (दोरी ओढलेला हात) नीट गालाला टेकला की त्याच्या चुलतभावानं रायझरच्या पुढच्या कडेला पेनानं खूण केली. हे एकदाच करून भागत नाही. पहिल्या वेळी माणूस छाती फुगवून ओढतो. दमल्यावरची ओढ खरी. त्याची खरी ओढ साडेसव्वीस इंच निघाली.

मग वजन. बॅगा तोलायचा हुकवाला डिजिटल काटा दोरीला अडकवला आणि तेवढ्याच खुणेपर्यंत ओढला. १८.६ किलो, म्हणजे ४१ पाउंड. अशा धनुष्यात इंचामागे साधारण दोन ते तीन पाउंडांचा फरक पडतो, तेव्हा हिशेब बसतो. ४५ पाउंड समजून घेतलेले बाण, तेही कंपाउंडच्या तक्त्यातून, आणि प्रत्यक्षात ४१ पाउंडांची ओढ. दोन्ही चुका एकाच दिशेला, कडकपणाकडे.

बाणाचं वजनही पाहायचं होतं. ग्रेनमध्ये दाखवणारा काटा गावात कुठून असणार? पण तालुक्याच्या बाजारात सोनार असतोच. सोनाराच्या काट्यावर त्याचा बाण २४.६ ग्रॅम भरला. ७००० ग्रेनचा एक पाउंड होतो, त्या हिशेबानं ३८० ग्रेन. ४१ नं भागलं तर पाउंडामागे सव्वानऊ ग्रेन. अशा पारंपरिक धनुष्याला ८ ते १० ग्रेन सोयीचे. फार हलका बाण असेल तर धनुष्याची ताकद बाणात न जाता लिंबांत आणि दोरीत परत येते, ते रिकाम्या दोरीनं सोडण्यासारखं घातक असतं. इथे वजन ठीक होतं. म्हणजे आवाजाचं कारण वेगळं.

ते कारण चटकन सापडलं. ब्रेस हाइट, म्हणजे दोरी चढवल्यावर तिच्यापासून ग्रिपच्या खोलगट भागापर्यंतचं अंतर, साडेसहा इंच होतं. डॅक्रॉनची नवी दोरी वापरात ताणली जाते आणि हे अंतर कमी होत जातं. ६० इंची रिकर्व्हला ते सात ते आठ इंचांच्या दरम्यान हवं. दोरी उतरवून पीळ वाढवले, साडेसात इंचावर आणली. खणखणाट निम्म्याच्या खाली आला.

आता व्हेन. प्लास्टिकची व्हेन रेस्टवरून सुटणाऱ्या बाणाला चालते. लाकडी शेल्फवरून बाण सुटतो तेव्हा ती शेल्फवर आपटते, दबत नाही, आणि बाणाची शेपटी उडवते. व्हेनवर टाल्कम पावडर मारून एक बाण सोडला तर शेल्फच्या चामड्यावर पांढरा ओरखडा स्पष्ट दिसला. पीस असतं तर दबून गेलं असतं. शेल्फवरून नेमबाजी करायची तर पीसच लावायचं, यात मला दुसरं मत नाही. टर्कीची तयार कापलेली पिसं मिळतात. एका बाणावर सगळी डाव्या पंखाची किंवा सगळी उजव्या पंखाची हवीत, मिसळ चालत नाही. पावसात पीस भिजून बसतं ही अडचण खरी, पण धानाच्या रोवणीच्या दिवसांत तसाही धनुष्य काढायला कुणाला वेळ असतो?

नॉकही (बाणाच्या शेपटीची दोरीवर बसणारी खाच) तपासला. दोरीवर बसताना हलका टिच आवाज यायला हवा, बाण दोरीला लटकून राहायला हवा, आणि दोरीला बोटानं टिचकी मारली की सुटायला हवा. ढिला नॉक ओढताना निसटला तर रिकामी दोरी सुटते आणि लिंब तडकू शकतात. त्याचा नॉक बरा होता. नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण बसायची ठरलेली जागा) मात्र शेल्फच्या काटकोनात अगदी सरळ लावलेला. हा तरुण तिन्ही बोटं बाणाखाली ठेवून ओढतो, अशांना तो आणखी वर लागतो. पाऊण इंच वर घेतला, आणि बाण खाली घसरू नये म्हणून खालीही एक गाठ बांधली. वरून सुरुवात करून खाली यावं, कारण फार खालून सुरुवात केली तर बाण शेल्फवर आपटून उसळतो आणि नॉक वर असल्यासारखी खोटी खूण देतो.

बेअर शाफ्ट, म्हणजे बिनपिसांचा उघडा बाण

इथपर्यंत नवीन बाणाचा एक पैसाही खर्च झालेला नव्हता. आता दोन ५०० चे आणि दोन ६०० चे शाफ्ट मागवले, पूर्ण ३० इंचाचे, न कापलेले. डझन नव्हे, दोन-दोन. सोबत १००, १२५, १४५, १७५ ग्रेनचे स्क्रू पॉइंट. पॉइंटचे आटे सगळीकडे एकाच मापाचे असल्यामुळे ते हातानं बदलता येतात. प्रत्येक जोडीतल्या एका शाफ्टला पिसं लावली, दुसरा उघडा ठेवला.

पद्धत साधी. पीसवाला बाण आपली चूक झाकतो, उघडा बाण ती उघडी पाडतो. दोन्ही एकाच नेमानं सोडायचे. उजव्या हाताच्या माणसाचा उघडा बाण पीसवाल्याच्या डावीकडे गेला तर कडक, उजवीकडे गेला तर नरम. खाली गेला तर नॉकिंग पॉइंट उंच, वर गेला तर खाली. टार्गेटमध्ये शेपटी कुठे वळलीय ते पाहून फसगत होते, कारण तणस बाणाला कशीही पिरगाळते. लागलेली जागा पाहावी. आणि एकाच बाणावरून निकाल काढू नये. वाईट सुटलेला बाण बाजूला टाकायचा, चांगले सुटलेले तेवढे धरायचे.

दहा मीटरच्या पुढे सुरुवातीला जाऊ नये. उघडा बाण तिरपा जाऊन आपटतो आणि कार्बन आतून तडकतो. तडा डोळ्यांना दिसत नाही, पुढच्या वेळी सोडताना शाफ्ट फुटून त्याचे काटे धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. म्हणून प्रत्येक वेळी टार्गेटमधून काढल्यावर बाण दोन्ही टोकांना धरून कानाजवळ हलका वाकवायचा, फिरवायचा, परत वाकवायचा. करकरलं तर तिथेच मोडून टाकायचा. ही सवय त्याला पहिल्याच दिवशी लावली आणि त्याच्या चुलतभावालाही.

आधी जुना ४०० चा बाण व्हेन कापून सोडला. पीसवाल्याच्या हातभर डावीकडे. मग ५०० ला १०० चा पॉइंट: अजून डावीकडे, पण वीतभर. १२५ ला कमी. १४५ ला चार बोटं. १७५ ला उघडा आणि पीसवाला शेजारी शेजारी. पंधरा मीटरवर जाऊनही तेच. तिथेच नॉकिंग पॉइंट किंचित खाली घेतला, कारण उघडा बाण जरा खाली लागत होता.

६०० ला १२५ चा पॉइंट लावून पूर्ण लांबीत सोडला तर उजवीकडे गेला. म्हणजे नरम. तालुक्याच्या वेल्डिंगच्या दुकानात ग्राइंडरच्या कटिंग व्हीलवर पाव-पाव इंच कापत गेलो. (कार्बन हॅकसॉनं कापू नये, तंतू सुटतात. कापताना तोंडाला ओला रुमाल बांधावा, ती धूळ छातीत जाऊ देऊ नये. मग टोक सँडपेपरवर सपाट घासावं.) साडेअठ्ठावीस इंचावर तोही सरळ जायला लागला.

दोन उत्तरं, निवड एक

आता हातात दोन जुळलेले बाण होते. ६०० चा, साडेअठ्ठावीस इंच, १२५ ग्रेनचा पॉइंट: सोनाराकडे साडेएकवीस ग्रॅम, म्हणजे ३३२ ग्रेन, पाउंडामागे ८ च्या जरा वर. आणि ५०० चा, पूर्ण ३० इंच, १७५ ग्रेनचा पॉइंट: साडेसत्तावीस ग्रॅम, ४२४ ग्रेन, पाउंडामागे १० च्या वर.

हलका बाण वेगानं जातो आणि कमी झुकतो. हे त्याला आवडलं, साहजिकच. मी ५०० च्या बाजूनं होतो, आणि त्याची कारणं सांगतो.

साइट नसलेल्या धनुष्यानं माणूस २० मीटरपर्यंतच मनापासून खेळतो. तेवढ्या अंतरात हलक्या बाणाचा सपाट मार्ग फारसा फायदा देत नाही. जड बाण मात्र धनुष्याची जास्त ताकद स्वतःबरोबर नेतो, लिंबांवर कमी ताण येतो, आवाज मंदावतो, हाताला झटका कमी बसतो. दुसरं कारण तोलाचं. बाणाचा तोल किती पुढे आहे हे मोजायला बाण बोटावर तोलून मध्यापासून किती पुढे टेकतो ते बघतात आणि ते अंतर लांबीनं भागतात. जुन्या ४०० च्या बाणात ते साधारण १२ टक्के होतं. या ५०० मध्ये २० टक्क्यांच्या आसपास. तोल पुढे असलेला बाण लवकर सरळ होतो, आणि बोटांनी सोडणाऱ्या, अजून सोडणं पक्कं न झालेल्या माणसाला याचा खूप आधार होतो. तिसरं, ५०० चा शाफ्ट अजून कापलेला नाही. उद्या ओढ वाढली, खांदे मोकळे होऊन साडेसव्वीसचे सत्तावीस इंच झाले, तर पाव इंच कापून किंवा पॉइंट हलका करून तोच बाण परत जुळवता येईल. कापलेला बाण परत लांब होत नाही.

त्यानं ५०० चे सहा घेतले. तीन पिसं, चार इंची, रंगीत पीस रायझरपासून बाहेरच्या बाजूला. जुने ४०० चे बाण ५५ पाउंड ओढणाऱ्या एका ओळखीच्या तिरंदाजाला दिले, व्हेन काढून पिसं लावून. तिथे ते जवळजवळ जुळले.

मानवेलाचा प्रश्न

मधेच त्यानं विचारलं, "आमच्या जंगलात एवढा बांबू आहे, तर मी कार्बन काहून घेऊ?" प्रश्न रास्त आहे. याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं २०११ मध्ये सामूहिक वनहक्काखाली स्वतःच्या जंगलातला बांबू विकण्याचा अधिकार मिळवला, देशात अशा पहिल्या गावांपैकी ते एक. आणि इथला मानवेल बांबू भरीव किंवा जाड भिंतीचा असतो, चिरून रंधून काडी गोल करायला चांगला.

करता येतं, पण काडी निवडायला वेळ द्यावा लागतो. लाकडी आणि बांबूच्या बाणांची स्पाइन जुन्या पद्धतीनं मोजतात: २६ इंचांवर दोन खिळे, मधोमध दोन पाउंड म्हणजे ९०७ ग्रॅम वजन, झुकाव इंचात मोजायचा आणि २६ ला त्यानं भागायचं. १६.५ मिलिमीटर झुकली तर ४० पाउंडाची काडी, १४.७ झुकली तर ४५ ची. हा आकडा आणि कार्बनचा आकडा एकमेकांशी थेट ताडून पाहू नयेत. बांबूची काडी जाड असल्यानं शेल्फवर ती मध्यरेषेपासून आणखी बाहेर बसते, तिला जास्त वळसा घ्यावा लागतो, म्हणून ती जास्त लवचीक लागते. त्याच्या ओढीला ४० च्या आसपासच्या काड्या घेऊन उघड्या बाणाची तीच चाचणी करायची.

बांबू पावसाळ्यात तोडू नये, भुंगा लागतो. थंडीत तोडलेला, सावलीत वाळवलेला घ्यावा. बाक निखाऱ्यांवर धरून, गरम असतानाच दाबून काढावा. मुळाकडचं जाड टोक पुढे ठेवावं आणि नॉकच्या खाचेखाली दोरा घट्ट गुंडाळावा, नाहीतर काडी उभी चिरते. एका संचातल्या काड्यांचं वजन आणि झुकाव जवळजवळ सारखा हवा, म्हणजे ढीगभर काड्यांतून मोजक्याच कामाच्या निघतात. हे काम त्यानं थंडीसाठी ठेवलंय, आजोबांच्या धनुष्यासाठी. दोन खिळ्यांची फळी मात्र आत्ताच गोठ्याच्या भिंतीला ठोकली.

पुढे काय लक्ष ठेवायचं

उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा फायबरग्लासचं धनुष्य टिनाच्या छपराखाली किंवा बंद गाडीत ठेवायचं नाही, थरांमधला गोंद सुटतो. दोरी उतरवून, सावलीत, आडवं.

डॅक्रॉनऐवजी कमी ताणणारी आधुनिक दोरी लावायची इच्छा त्यानं बोलून दाखवली. आधी लिंबांची टोकं त्यासाठी मजबूत केलेली आहेत की नाही हे बनवणाऱ्याकडून पक्कं करून घ्यायचं, नाहीतर टोक फाटतं. आणि दोरी बदलली की बाणाला जास्त ताकद मिळते, म्हणजे आज सरळ जाणारा १७५ चा बाण उद्या नरम वागून उजवीकडे जाऊ शकतो. तेव्हा एक शाफ्ट उघडा करून दहा मीटरवर परत सोडायचा, आणि १४५ चा पॉइंट हाताशी ठेवायचा. तो त्याच्या पेटीत आहेच.